शेळी म्हणजे छोटी गाय नाही, आणि मेंढी म्हणजे लोकरवाली शेळीही नाही

दिवाळीच्या आगेमागे पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरी भागातले धनगर आपले कळप घेऊन कोकणाकडे निघतात. घोड्यांवर बिऱ्हाड, मागे-पुढे कुत्री आणि मधे शेकडो मेंढरं. गाडी थांबवून व्हिडिओ काढणाऱ्याला सगळा कळप मेंढ्यांचाच वाटतो, पण नीट बघितलं तर त्यात काही शेळ्याही असतात. घरच्या चहापुरतं दूध आणि आई मेलेल्या कोकरांची सोय त्यांच्यावर होते.

मग दोघींतला फरक ओळखायचा कसा? लोकर बघू नका, शेपटी बघा. धडधाकट शेळीची शेपटी वर असते, मेंढीची खाली लोंबते. शेळीची शेपटी दिवसभर खाली दिसली तर ती आजारी किंवा घाबरलेली आहे, असं समजायला हरकत नाही. शिवाय मेंढीच्या डोळ्याखाली आणि खुरांच्या बेचक्यात ग्रंथी असतात, शेळीला तशा नसतात. बोकडाला दाढी आणि तो कुप्रसिद्ध वास असतो. मेंढ्याला दोन्ही नसतं.

हा फरक दिसण्यापुरता नाही. मेंढीच्या पेशीत 54 गुणसूत्रं असतात, शेळीच्या पेशीत 60. त्यामुळे दोघी पिढ्यान्‌पिढ्या एका कळपात राहिल्या तरी त्यांचा संकर सहसा टिकत नाही. गायीचीही गुणसूत्रं 60 आहेत, म्हणून ती शेळीची सख्खी बहीण ठरत नाही. नुसत्या आकड्यावरून नातं जुळत नसतं.

एकच बांध, तीन तोंडं

तिघींच्याही वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कडक हिरडी असते. पण खाण्याची तऱ्हा प्रत्येकीची वेगळी. गाय जिभेचा विळखा घालून गवत ओढते, म्हणून तिला गवत थोडं उंच लागतं. मेंढीचा वरचा ओठ मधे चिरलेला असतो. त्यामुळे तिचं तोंड थेट जमिनीला टेकतं आणि गायीला न मिळणारं बोटभर गवतही ती कातरते. शेळीला तर खाली मान घालून चरणं फारसं आवडतच नाही. मागच्या दोन पायांवर उभी राहून बोर-बाभळीचा पाला, शेंगा आणि कोवळे शेंडे निवडून खाणं हे तिचं काम. पाल्यातला तुरटपणा गायीपेक्षा तिला बराच जास्त पचतो.

शेळी काहीही खाते, ही समजूत मात्र खोटी आहे. ती सगळीकडे तोंड घालते, पण खाताना तिघींत सगळ्यात चोखंदळ तीच. जमिनीवर पडलेला, तुडवलेला किंवा लघवीचा वास लागलेला चारा ती सोडून देते. म्हणून गोठ्यात शेळ्यांचा चारा गव्हाणीत किंवा उंच टांगून देतात.

पोट एकच, कप्पे चार

गाय, शेळी, मेंढी यांना चार पोटं असतात असं शाळेत शिकवतात. खरं तर पोट एकच असतं आणि त्याला चार कप्पे असतात: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. यात कोठीपोट सगळ्यात मोठं, डाव्या कुशीत. मोठ्या गायीच्या कोठीपोटात शंभर लिटरहून जास्त माल मावतो. कडब्यातला तंतुमय भाग गाय स्वतः पचवत नाही. ते काम कोठीपोटातले अब्जावधी सूक्ष्मजीव करतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर गाय जगते. आम्ल जास्त साचू नये म्हणून रवंथ करताना लाळ गिळली जाते. गायीची लाळ दिवसाला शंभर लिटरच्या पुढे जाते.

म्हणजे जनावर पाळणारा आधी या सूक्ष्मजीवांना पाळत असतो. ते बिचारे रोजच्या चाऱ्याला सरावलेले असतात आणि त्यात अचानक झालेला बदल जनावराच्या जिवावर बेततो.

नगरकडे हे तीन प्रसंगी हमखास घडतं. पहिला प्रसंग लग्नसराईतला. उरलेला भात आणि पोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून शेळीपुढे किंवा गायीपुढे ओततात. पिठूळ अन्न कोठीपोटात झपाट्याने आंबतं, आम्ल वाढतं, रवंथ थांबतं आणि जनावर बसतं. मोकळं सुटलेलं जनावर मक्याच्या राशीवर गेलं की हेच होतं. दया म्हणून घातलेलं अन्नही विष ठरतं, ते असं.

दुसरा प्रसंग घासाचा. पहाटेच्या दवाने ओला झालेला कोवळा लसूणघास उपाशी पोटी भरपूर खाल्ला की कोठीपोटात फेस होतो, गॅस बाहेर पडत नाही आणि डावी कूस ढोलासारखी फुगते. फुगलेलं कोठीपोट छातीवर दाबत असल्याने अशा वेळी डॉक्टरची वाट बघायला तासही मोठा असतो. घासाआधी थोडा कोरडा कडबा घातला की हा प्रसंग बहुतेक वेळा टळतो.

तिसरा प्रसंग किरळ लागण्याचा. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर फुटलेले हिरवे फुटवे यांत असा घटक असतो ज्यातून पोटात सायनाइड तयार होतं. जनावर थरथरतं, धापा टाकतं आणि काही वेळा अर्ध्या तासात मरतं. दुष्काळात हिरवं दिसेल तिकडे जनावर धावतं आणि हे फुटवे नेमके तेव्हाच सगळ्यात विषारी असतात. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावर धोका बराच कमी होतो. किरळ लागल्यावर उतारा आहे, पण तो शिरेतून द्यावा लागतो आणि लगेच द्यावा लागतो.

याला जोडूनच मेंढपाळांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. गायीसाठी आणलेली खनिज मिश्रणाची पिशवी मेंढ्यांना घालू नये. त्यातलं तांबं गायीला लागतं, शेळीलाही बऱ्यापैकी चालतं. मेंढीच्या यकृतात मात्र ते साठत जातं आणि आठवडे-महिने काहीच न दिसता एके दिवशी लाल लघवी होऊन ती दगावते. मेंढ्यांसाठी वेगळं मिश्रण मिळतं, तेच घ्यावं.

पश्चिमेला डांगी, पूर्वेला दख्खनी

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, सुमारे 17 हजार चौरस किलोमीटरचा. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात पाचशे-सहाशेवर भागवावं लागतं. एकाच जिल्ह्यात इतकी वेगवेगळी जनावरं का, याचं उत्तर या पावसात आहे.

अकोल्याच्या डोंगरात डांगी गाय-बैल आहेत. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबूस ठिपके, आणि कातडीतून तेलकट स्राव. त्यामुळे पाऊस अंगावरून निथळतो. कठीण काळे खूर भातखाचराच्या चिखलात टिकतात. दूध कमी, पण संततधारेत चिखलणीला उभा राहणारा बैल हीच तिची किंमत. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, ते एकदा बघण्यासारखं आहे.

खाली संगमनेरला उतरलं की शेळी येते. ‘संगमनेरी’ ही नोंदणीकृत जात, बहुतेक पांढरी, आणि दूध व मांस दोन्हींसाठी उपयोगी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तिच्यावर संशोधन चालतं.

याच विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय तयार केली. गीर आणि जर्सीचा संकर करून आलेल्या कालवडींना होल्स्टीन फ्रिजियन वळूचं वीर्य. म्हणजे रक्त अर्धं होल्स्टीनचं, पाव जर्सीचं, पाव गीरचं. होल्स्टीनमधून दूध, जर्सीमधून फॅट आणि गीरमधून उन्हाला-गोचिडाला तोंड देण्याची ताकद, असं हे गणित. प्रवरा-गोदावरीच्या बागायती पट्ट्यात संकरित गायींनी घरं उभी केली, यात शंका नाही. पण जास्त दूध म्हणजे शरीरात जास्त उष्णता. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली अशी गाय धापा टाकते आणि चारा सोडते, मग दूध उतरतं. पाणी आणि हिरवा चारा विकत घ्यावा लागणाऱ्या गावात हीच गाय कर्जाचं कारण होते. दूध बघून गाय घेणाऱ्याने आधी विहिरीत डोकवावं.

पारनेर-कर्जत-जामखेडच्या माळावर मात्र दख्खनी मेंढी. काळी, काटक, लोकर जाडीभरडी. त्या लोकरीची घोंगडी होते, पण घोंगडीचा खप घटल्यावर आता कमाई कोकरं विकून आणि शेतात मेंढ्या बसवून, म्हणजे लेंडीखतातून होते. दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या छोट्या गारोळ मेंढीतला जुळी देणारा जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. जुळ्यांना पुरेल एवढं दूध यायला आईला खुराक हवा, त्यामुळे खुराक घालू शकणाऱ्यालाच ती फायद्याची.

रोग कुणाचा, लस कुणाची

पीपीआर शेळ्या-मेंढ्यांना मारतो, गायीला आजारी पाडत नाही. लम्पी गायींना होतो, शेळ्या-मेंढ्यांना नाही. तरीही 2022 च्या साथीत महाराष्ट्रात गायींना शेळीच्या देवीची लस टोचली गेली. दोन्ही विषाणू एकाच कुळातले असल्याने ती कामी येते. पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत खाऊन कोकरं-करडं आंत्रविषाराने पटापट मरतात. ती लस पावसाळ्याच्या तोंडावर द्यायची असते, मरतूक सुरू झाल्यावर नाही.

बाजारात तोंड उघडतात ते कशासाठी?

लोणी, घोडेगाव किंवा काष्टीच्या बाजारात गिऱ्हाईक आधी जनावराचा खालचा ओठ खाली ओढतं. पुढच्या आठ दुधी दातांच्या जागी जोडी-जोडीने कायमचे दात येतात, त्यावरून वय कळतं. बैलाच्या बाजारात दुधी दाताच्या खोंडाला आदत म्हणतात, मग दुसा, चौसा आणि शेवटी जुळलेला. शेळी-मेंढीत पहिली जोडी सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास येते आणि चौथ्या वर्षापर्यंत आठही दात पुरे होतात. गाय-बैलात पहिली जोडी दोन-अडीच वर्षांनी.

पुढे दात झिजतात, हलतात, पडतात. दात पडलेली मेंढी माळावरचं बोटभर गवत कातरू शकत नाही, म्हणून फिरस्ता मेंढपाळ ती काढून टाकतो. तीच मेंढी बागायतदाराच्या गोठ्यात कुट्टी आणि भरडा खाऊन आणखी एक-दोन वेतं सहज देते. म्हणून एकाच मेंढीला एकाच बाजारात दोन गिऱ्हाइकं वेगवेगळा भाव सांगतात.