आपल्या जमिनीचा सर्च रिपोर्ट

स्मरणिका समितीने मला सोसायटीच्या इतिहासावर लिहायला सांगितलं. रजिस्ट्रेशन, पहिली कमिटी, लिफ्टचं भांडण हे सगळं आपले सेक्रेटरी लिहीत आहेतच. माझा जन्म बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात गेला. जमीन तारण घ्यायची तर आधी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागवायचा, जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते पाहायचं, ही सवय. म्हटलं, आपण राहतो त्या भागाचाच सर्च रिपोर्ट काढावा. फक्त तीसऐवजी अडीचशे वर्षांचा.

पहिला मालक समुद्र. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरायचं आणि बेटांमधल्या सखल भागात पसरायचं. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांनी तिथे बांध घातला. लंडनच्या कंपनी सरकारची नाराजी पत्करून १७८४ च्या सुमारास तो पुरा झाला. हाच हॉर्नबी वेलार्ड, आज आपण हाजीअलीहून वरळीला जातो तो रस्ता. भरती अडली, मागे खाजण उरलं आणि हळूहळू त्यात भातशेती आली. अशा जमिनीवरच्या साऱ्याला फोरास म्हणत. फोरास रोडचं नाव त्यावरूनच पडलं.

समुद्र अडला तरी पाऊस थोडाच अडतो? सखल भागात पावसाळ्यात पाणी साचतच राहिलं. पण भाताला उभं पाणी चालतं, किंबहुना लागतंच. खाचराचा बांध पाणी धरून ठेवायचा, थोडं मुरायचं, उरलेलं ओहोटीला सावकाश निघून जायचं. आज ज्याला आपण पाणी तुंबणं म्हणतो, त्याला तेव्हा लावणी म्हणत.

पुढचा व्यवहार महत्त्वाचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांतून माणसं बाहेर काढायची म्हणून १८९८ मध्ये कायदा करून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दादर-माटुंग्याकडची शेतं आणि वाड्या सार्वजनिक पैशाने संपादन केल्या. भाव शेताचा द्यायचा, की उद्या तिथे उभ्या राहणाऱ्या इमारतीचा, यावर वादही झाले. मग भराव पडला, रस्ते आखले गेले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स ही त्याच योजनांची देणगी. १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला.

मी ट्रस्टला नावं ठेवत नाही. माझे वडील लालबागला गिरणीत होते. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण. हवा-उजेडाची किंमत मला माहीत आहे. पण जुना हिशेबनीस म्हणून एक चूक दिसते. जमिनीचा भाव लागला. ती जमीन पावसाळ्याचे चार महिने पाणी सांभाळत होती, त्या कामाचा रकानाच खातेवहीत नव्हता.

त्याचं बिल पुढे आलं. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. त्यातही गृहीत असं, की निम्मं पाणी जमिनीतच मुरेल. १९८५ च्या पुरानंतर नव्याने अभ्यास झाला. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने तासाला ५० मिलिमीटर धरले आणि जमिनीत मुरणारं पाणी शून्य! म्हणजे मुंबईत पाणी पिणारी माती उरलीच नाही, असं अहवालानेच मान्य केलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा आपली सोसायटी जेमतेम पाच वर्षांची होती. मीटर रूममध्ये कमरेइतकं पाणी होतं आणि तळमजल्याची मंडळी दोन रात्री आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर होती, हे अनेकांना आठवत असेल.

हिंदमाताचं पाणी हटेना, तेव्हा पालिकेने अलीकडे प्रमोद महाजन कला पार्क आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. भरतीच्या वेळी पाणी तिथे साठवायचं, नंतर सोडायचं. खाचर जे फुकट करत होतं, तेच काम आता काँक्रीट आणि पंप करतात. हॉलंडमध्ये तर सरकारने नदीकाठची शेतजमीन मोबदला देऊन घेतली आणि पुराच्या पाण्याला मोकळी ठेवली. ओव्हरडीप नावाच्या भागात शेतकऱ्यांची घरं उंच टेकाडं रचून त्यांवर हलवली. आपण शेत विकत घेतलं पाणी घालवायला, त्यांनी घेतलं पाणी ठेवायला.

आता रिपोर्टाची शेवटची नोंद, आणि ती माझ्या नावावर आहे. २०१२ साली मी खजिनदार असताना मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. चिखल नको, गाड्या लावता येतील, म्हणून मीच ठराव मांडला आणि चेकवर सही केली. चाळीच्या दिवसांत त्या अंगणातलं पाणी ओहोटी लागली की तासा-दीड तासात उतरायचं. आता दुपारपर्यंत राहतं. तळमजल्यावरच्या काकूंनी गेल्या पावसाळ्यात मला बोलावून त्यांच्या भिंतीची ओल दाखवली. 'भाऊजी, हे तुमचं अंगण,' एवढंच म्हणाल्या. मला उत्तर सुचलं नाही.

जांभळाच्या झाडाजवळचा मातीचा पट्टा अजून शिल्लक आहे. तिथे सहा गाड्यांचं पार्किंग करायचा ठराव येत्या वार्षिक सभेत आहे. त्या पट्ट्याने हिंदमाता कोरडी होणार नाही, हे मलाही कळतं. पण काकूंची भिंत त्याला लागूनच आहे. मी ठरावाच्या विरोधात मत देणार आहे. शिवाय मागचे ब्लॉक काढून तिथे पुन्हा माती करावी, असा ठरावही मांडणार आहे. खर्चाचा अंदाज काढून ठेवला आहे. अनुमोदक हवा आहे.