आपला अध्यक्ष, त्यांचा अध्यक्ष

ऑक्टोबर 2025 मधली गोष्ट. रात्रीचा कॉल लांबला, म्हणून अंबडला फोन करायला उशीर झाला. अण्णा जागेच होते. त्यांना सांगितलं, की अमेरिकेतलं सरकार बंद पडलंय, क्लाएंटकडच्या एका माणसाची बायको सरकारी नोकरीत आहे, तिचा पगार थांबलाय, आणि मीटिंगचा निम्मा वेळ त्यातच गेला.

अण्णा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "अरे, पण एवढा मोठा अध्यक्ष ना तो? एक सही करून पगार काढता येत नाही त्याला?"

"नाही अण्णा. तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे. त्यांच्या संसदेकडे."

"मग आपल्या नगराध्यक्षासारखंच की!"

मी हसलो. पण शनिवारी चहा घेता घेता लक्षात आलं, की म्हातारा बरोबर बोलला. निदान अर्धं तरी.

आधी 'अध्यक्ष' या शब्दाचीच गंमत बघा. 1789 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन निवडून आले, तेव्हा त्यांना हाक काय मारायची यावर तिथे आठवडेच्या आठवडे वाद झाला. सिनेटच्या एका समितीला 'हिज हायनेस' वगैरे भारदस्त बिरुद हवं होतं. प्रतिनिधीगृहाने साधं 'प्रेसिडेंट' धरून ठेवलं. म्हणजे सभेत पुढे बसणारा. नुकतंच एका राजाला हाकलून दिलेलं, पुन्हा राजाचा वास नको होता.

आमच्या अंबडकडे बिरुदांची कमतरता नव्हती. निजामाला तर इंग्रजांनी 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' केलेलं. फर्मान निघालं की तोच कायदा. आजच्या भाषेत सगळ्या सर्व्हरचा रूट ॲक्सेस एकाच माणसाकडे. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, आणि 26 जानेवारी 1950 ला तेच उस्मान अली खान नव्या हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले. माणूस तोच, पण आता सही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. अण्णांच्या वडिलांच्या पिढीने अंबडात बसून हे पाहिलं. नावाचा प्रमुख आणि कामाचा प्रमुख यातला फरक त्यांना नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून शिकावा लागला नाही.

हाच फरक मुक्तीनंतर जेमतेम सात आठवड्यांनी, 4 नोव्हेंबर 1948 ला, डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत मांडला. आपला राष्ट्रपती आणि अमेरिकेचा अध्यक्ष यांचं इंग्रजी नाव एक असलं, तरी साम्य तिथेच संपतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. पुढचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. कार्यकारी सत्ता स्थिर हवी आणि जबाबदारही हवी; दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात मिळतील अशी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकन पद्धतीत स्थिरता जास्त, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त. तिकडे हिशेब ठरावीक काळाने, इकडे संसदेत रोजच्या रोज. मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं.

दिल्लीत हा प्रश्न तेव्हा मिटला. आपल्या नगरपरिषदांत मात्र अजून मिटलेला नाही. 2001 मध्ये नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडला. 2006 मध्ये तो अधिकार पुन्हा नगरसेवकांकडे गेला. 2016 मध्ये परत थेट. 2020 मध्ये रद्द. 2022 मध्ये पुन्हा थेट. कुठल्याही कंपनीत एकच फीचर इतक्यांदा चालू-बंद केलं असतं तर मॅनेजरने डोकं फोडून घेतलं असतं :)

दोन्ही बाजूंकडे कारणं आहेत. नगरसेवकांनी अध्यक्ष निवडायचा म्हटलं, की निवडीआधी त्यांची 'सहल' निघते, फोन बंद होतात, हे महाराष्ट्राला पाठ आहे. थेट निवडला तर अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं होऊ शकतं. मग अध्यक्ष खुर्चीत आणि विषयपत्रिका अधांतरी. बजेट शेवटी सर्वसाधारण सभाच मंजूर करते.

म्हणजे अण्णांचं अर्धं बरोबर. 2025 मध्ये तर दोन्ही सभागृहांत अध्यक्षांच्याच पक्षाचं बहुमत होतं. तरी सिनेटमध्ये चर्चा संपवायला साठ मतं लागतात, ती जमेनात. सरकार 43 दिवस बंद राहिलं.

उरलेलं अर्धं इथे आहे. अमेरिकन अध्यक्ष नकाराधिकार वापरतो, मग तो ठराव पुन्हा मंजूर करायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. आपल्या नगराध्यक्षाकडे, मतं समसमान पडली तर, निर्णायक मत. तो सैन्याचा सरसेनापती, माफी देणारा, आणि मुख्य म्हणजे कारभार स्वतः चालवणारा. मंत्री त्याने नेमायचे (सिनेटच्या संमतीने) आणि त्यानेच काढायचे. 1868 मध्ये अँड्र्यू जॉन्सनने युद्धमंत्र्याला काढलं म्हणून त्याच्यावर महाभियोग चालला; एका मताने वाचला. इकडे 1965 च्या कायद्याप्रमाणे नगराध्यक्षाने सभा चालवायची आणि कारभारावर देखरेख ठेवायची. अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याची, आणि त्याला पाठवतं राज्य सरकार. शिवाय ठरावाला स्थगिती द्यायला वर कलेक्टर बसलेले. थोडक्यात, नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी एकाच खुर्चीत बसवले, की अमेरिकन अध्यक्ष तयार होतो.

आणि तरी एका बाबतीत अंबडचा मतदार पुढे. त्याचं मत सरळ नगराध्यक्षाला जातं. अमेरिकन मतदार आधी 538 निर्वाचक निवडतो. त्यामुळे 2000 आणि 2016 मध्ये देशभरात कमी मतं मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला.

पण थेट की अप्रत्यक्ष, या वादात एक गोष्ट सुटते. 2021-22 च्या सुमारास मुदती संपल्यावर राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक आले, आणि डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका होईपर्यंत राहिले. तेवढा काळ ना रोजचा हिशेब, ना पाच वर्षांनी येणारा. आंबेडकरांच्या तराजूत दोन पारडी होती. आपण काही वर्षं तराजूच फडताळात ठेवला. मला स्वतःला हे फार उशिरा टोचलं. पुण्यात बसून ट्रम्पच्या प्रत्येक आदेशावर ऑफिसात तावातावाने बोलणारा मी, गावात नगरसेवकच नाहीत हे अण्णांनी सांगेपर्यंत विसरून गेलो होतो.

निवडणुकीनंतर त्यांना विचारलं, कुणाला मत दिलं? ते काही सांगेनात. एवढंच म्हणाले, "अध्यक्षाला एका पक्षाचं बटण, नगरसेवकाला दुसऱ्या."

"असं का?"

"तपासायला कुणी नको का?"

हे तत्त्व अमेरिकेत 1787 साली कागदावर लिहिलं गेलं, असं मी त्यांना सांगणार होतो. पण तोवर ते मत्स्योदरीच्या गडाकडे फिरायला निघून गेले होते.