शिक्षकाच्या हातातील साधन



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने व्याख्यानमालेत शाळेवर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. मी स्वतः शाळेत थोडाच काळ गेलो. पुढचे जे काही शिकलो ते रात्रशाळेत आणि वाचनालयाच्या बाकावर. तरीही आजचा विषय मी मुद्दाम निवडला आहे. संगणक, पडदा, मोबाईल, इंटरनेटवरचे तयार पाठ अशी जी नवी सामग्री वर्गात आली आहे, तिची हकीकत मला बारामती-इंदापूर भागाच्या नजरेने सांगावयाची आहे. शिक्षक हाही श्रम करणारा माणूस आहे, आणि ही सामग्री म्हणजे त्याची हत्यारे आहेत.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला. विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, कातणाऱ्याने एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशी मालकांची योजना होती. त्या कामगारांचे यंत्राशी वैर नव्हते. यंत्रावरच त्यांचे पोट होते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की यंत्राची व्यवस्था बदलताना ते चालवणाऱ्याला विचारा, आणि वाढलेल्या कामाचा हिशेब द्या. हाच प्रश्न शाळेपुढे ठेवून पाहावयाचा आहे. साधन आणले कोणी? वापरणाऱ्याला विचारले काय? आणि त्याचे काम त्यामुळे हलके झाले की जड?

आरंभ धूळपाटीपासून करू. पंतोजींच्या शाळेत लाकडी पाटीवर धूळ पसरीत आणि काडीने अक्षरे गिरवीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी हे पाढे एका सुरात म्हटले जात. मोठी मुले लहानांना शिकवीत. या शाळेचे दोष पुष्कळ होते; मार होता, आणि बहुजनांच्या मुलांना व मुलींना तेथे जागा जवळजवळ नव्हतीच. परंतु साधनापुरते बोलावयाचे तर धूळपाटीला खर्च नव्हता आणि ती बिघडत नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली. ती रीत, आणि मोठ्या मुलाने लहानास शिकवण्याची रीत, त्यांनी आपल्या शाळेत आणली. १७९७ मध्ये त्यांनी तिच्यावर पुस्तक छापले, आणि पुढे इंग्लंडमध्ये या पद्धतीच्या शाळा निघाल्या. गरीब शाळेतील साधन तेवढ्यावरून टाकाऊ ठरत नाही, एवढे यातून घ्यावयाचे.

आता आपल्याकडे वळू. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पाहणीप्रमाणे जमिनीची नवी सारापद्धत लागू झाली. प्रत्येक शेताला क्रमांक आला, आकार ठरला, सारे कागदावर चढले. ज्याची जमीन मोजली गेली त्या कुणब्याला तो कागद वाचता येत नव्हता. पुढे सावकाराचे रोखे आणि चोपड्या आल्या. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला करून त्या चोपड्या जाळल्या. हे सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली तीही त्याच १८७५ साली. एकीकडे शिकलेले लोक ज्ञानाची चर्चा करावयास जमत होते, आणि काही कोसांवर न शिकलेले लोक आपल्याला न वाचता येणारा कागद आगीत टाकीत होते. नोंद ठेवण्याचे साधन दुसऱ्याच्या हाती राहिले की ते आपल्यावरच चालते, हे सुप्याच्या माणसाला कोणी शिकवावे लागले नाही.

याचे उत्तर जोतीराव फुल्यांनी दिले. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शिक्षकाविषयीचा भाग आजही वाचण्यासारखा आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावा, त्याला रीतसर तयार करावे, वेळ पडल्यास नांगराचा रुमणा किंवा सुताराची वाकस धरावयास त्याने लाजू नये, असे ते म्हणतात. मुलांना मोडी आणि बाळबोध वाचता-लिहिता यावे आणि हिशेब यावा, अशी त्यांची मागणी होती. सावकाराची चोपडी मोडीत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या मागणीचा अर्थ कळतो. आणि लगेच पुढे ते पगारावर येतात. शिक्षकाला बारा रुपयांहून कमी वेतन असू नये, मोठ्या गावी ते अधिक असावे, असा आकडाच त्यांनी घातला. शिक्षक, त्याचे साधन आणि त्याची मजुरी या तिन्हींचा विचार फुल्यांनी एकत्र केला. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपण या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या केल्या, असे माझे म्हणणे आहे.

विसाव्या शतकात साधने वरून येऊ लागली. १९५३ मध्ये पुण्याला आकाशवाणीचे केंद्र निघाले. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ संस्था स्थापन झाली. तिने शाळकरी मुलांसाठी पुष्कळ कार्यक्रम तयार केले आणि ते दूरदर्शनवरून दाखवले जात. ज्यांचे बालपण त्या काळातले आहे त्यांना ते आठवत असतील. ते करणारे लोक जाणते होते यात शंका नाही. पण अडचण साधनाच्या घडणीतच होती. कार्यक्रमाची वेळ ठरलेली, आणि वर्ग त्या दिवशी वेगळ्याच धड्यावर. मध्येच थांबवून मुलाला ‘कळले का?’ असे विचारण्याची सोय नाही. शिक्षक आपल्याच वर्गात प्रेक्षक होऊन बसे. २०१७ मध्ये ही संस्था बंद झाली.

ह्याच काळातील आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आकाशात उपग्रह सोडून झाल्यावर, १९८७ मध्ये, केंद्र सरकारला ‘खडू-फळा मोहीम’ काढावी लागली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, फळा, नकाशे आणि किरकोळ शैक्षणिक साहित्य मिळावे, एवढाच तिचा उद्देश होता.

मग संगणक आला. बारामतीला १९७२ पासून विद्या प्रतिष्ठान ही संस्था आहे. नव्या शतकाच्या आरंभी तिच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेने संगणक बसवलेली गाडी खेडोपाडी शाळांच्या दारात नेली. संगणक शाळेत पोचत नाही तर शाळेने त्याच्याकडे न जाता त्यानेच शाळेकडे यावे, ही कल्पना चांगली होती. भारनियमनाचे ते दिवस होते. खेड्यातल्या शाळेत वीज कधी असे, कधी नसे. पण गाडी येणार आणि जाणार. पाहुणा कितीही चांगला असला तरी घरचे काम घरच्यालाच करावे लागते.

२००४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी केंद्राची संगणक-शिक्षणाची योजना आली. महाराष्ट्रात ती ठेक्याने राबवली गेली. कंपनीने संगणक बसवावयाचे, शिकवणारा माणूसही कंपनीनेच नेमावयाचा, आणि मुदत संपली की यंत्रे शाळेला सोपवून निघून जावयाचे. यंत्र शाळेचे झाले, माणूस मात्र कोणाचाच झाला नाही. मुदत संपताच त्या संगणक-शिक्षकांचे काम गेले, आणि त्यांना मोर्चे काढावे लागले. कारखान्यात नवे यंत्र बसवून ते चालवणाऱ्या कारागिराला काढून टाकले, तर त्या व्यवस्थापनाला आपण वेडे म्हणू. शाळेत असे झाले तेव्हा फारसे कोणी बोलले नाही.

यानंतरचा अध्याय मात्र आनंदाचा आहे, आणि तो आपल्या शेजारी घडला. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय निघाला, आणि त्या सुमारास जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी गावोगाव लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर, पडदे, टॅब जमवले. इंदापूरच्या पलीकडे, उजनीच्या पाण्यापल्याड, सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात परितेवाडी हे छोटे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले. मोबाईल समोर धरला की धड्याशी जोडलेली कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे. २०१७ मध्ये राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापण्याचा निर्णय झाला, आणि त्याच वर्षीच्या शिक्षकदिनी केंद्राचे ‘दीक्षा’ हे शिक्षकांसाठीचे व्यासपीठ सुरू झाले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, आणि त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

हा क्यूआर कोड मुळात शाळेसाठी जन्मलाच नव्हता. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीच्या मासाहिरो हारा यांनी तो मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी केला. कारखान्यात माल मोजण्याचे ते साधन. परितेवाडीच्या शिक्षकाने ते मुलांना धडा ऐकवण्यासाठी वापरले. साधन तेच, हात बदलला आणि उपयोग बदलला. शिवाय हे साधन बालचित्रवाणीसारखे घड्याळाला बांधलेले नव्हते. शिक्षकाला हवे तेव्हा सुरू करावे, हवे तेथे थांबवावे, पुन्हा लावावे. धूळपाटीवरचे अक्षर पुसून पुन्हा गिरवण्यासारखेच ते आहे.

परंतु मोबाईल नसलेल्या मुलाचे काय? हा प्रश्न २०२० च्या मार्चमध्ये सगळ्यांच्या दारात येऊन उभा राहिला. शाळा बंद झाल्या आणि शिक्षण पडद्यावर गेले. आपल्या भागात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांना ऊस घालणारी तोडणी मजुरांची कुटुंबे दरवर्षी बीड-अहिल्यानगरकडून येतात आणि फडाशेजारी कोप्या करून राहतात. त्या कोपीत फोन असलाच तर एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप पहाटेपासून फडात. अशा मुलाला इंटरनेटवरचा पाठ किती उपयोगी पडणार, याचा विचार दूर बसून होत नाही.

तो विचार जवळ असलेल्या शिक्षकांनी केला. सोलापूरच्या नीलमनगर या कामगार वस्तीत एका मराठी शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतीच रंगवल्या आणि त्यांवर धडे, पाढे, व्याकरण लिहिले. पालघरच्या आदिवासी पाड्यांत ध्वनिक्षेपक लावून ‘बोलकी शाळा’ भरली. त्याच वर्षीच्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली. तिला इंटरनेट लागत नव्हते. त्या वर्षी पाठ महाग की स्वस्त, नवा की जुना, हे कोणी पाहिले नाही. मुलापर्यंत पोचतो की नाही, हे पाहिले.

आता कामाच्या जडपणाकडे येतो. ज्या मोबाईलने पाठ आणला, त्यानेच माहिती भरण्याचे कामही आणले. २०१५ पासून विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’ प्रणालीत चढू लागली. मग हजेरी, पोषण आहार, प्रशिक्षण, उपक्रमांचे फोटो, सगळ्यांचे वेगवेगळे अर्ज आणि ॲप निघाले. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकाला जुंपण्यास मनाई केली आहे. माहिती भरण्याला मात्र शैक्षणिक कामच समजले जाते. संध्याकाळी आमच्या संघटनेच्या कचेरीत येणारा मास्तर बोलता बोलता मोबाईलवर तक्ते भरीत असतो; फोन त्याचा, रिचार्ज त्याचा, वेळही त्याच्या घरचा. कारखान्यात अशा वेळेला आम्ही जादा काम म्हणतो आणि त्याचे पैसे मागतो. सुप्याच्या शेतकऱ्याला चोपडी वाचता येत नव्हती. हा मास्तर चोपडी स्वतः लिहितो, पण ती कोण वाचतो आणि तिच्यावरून काय ठरवतो, हे त्यालाही कोणी सांगत नाही.

म्हणून नगरवासीयांना माझी विनंती अगदी व्यवहाराची आहे. शाळेला पडदा किंवा संगणक देणगी द्यावयाचा असेल, तर आधी त्या वर्गावर शिकवणाऱ्या बाईंना किंवा गुरुजींना विचारा. खरेदीबरोबर दुरुस्तीचे, विजेचे आणि इंटरनेटचे पैसेही बाजूला काढा. फुलांचा हार घालून फोटो काढला की काम संपत नाही. संगणक शिकवणाऱ्या माणसाची नेमणूक ठेक्याने नको, कायमची हवी, ही मागणी पालकांनीही करावी. तक्ते भरण्यासाठी केंद्रशाळेला एक कारकून मिळावा, असे जिल्हा परिषदेला लिहा. आणि फडावरच्या मुलाला या वर्षी शाळा कशी मिळाली, हे गळीत संपण्याआधी एकदा जाऊन पाहा. मोर्चा शिक्षकांचा असेल तेव्हा त्यात आम्ही कामगार असूच. त्या दिवशी शाळा बंद का, असे विचारण्याआधी मोर्चातल्या फलकावर काय लिहिले आहे ते तुम्ही वाचावे.