कनू सरोवराच्या काठी

टोरोंटोस स्थायिक झालेल्या माझ्या धाकट्या बंधूने गेल्या शरदात मला अल्गॉंक्विन प्रांतिक उद्यान पाहावयास नेले. शहरापासून उत्तरेस सुमारे ३०० किलोमीटर. म्हणायचे उद्यान; पण विस्तार ७,६०० चौरस किलोमीटर आणि पोटात २,४०० हून अधिक सरोवरे!

मेपलची राने लालबुंद झाली होती. कनू सरोवराचे निश्चल पाणी पाहून मी बोलून गेलो, "येथे मनुष्याचे पाऊल कधी पडलेच नसावे!"

बंधू हसला. "दादा, इतिहासाचा मास्तर असून तू हे म्हणतोस?"

खरेच चुकलो होतो. ही सरोवरे हिमयुगाची देणगी. बर्फ ओसरल्यावर अल्गॉंक्विन लोक त्यांतून होड्या हाकीत. शिकार, मासेमारी करीत. एकोणिसाव्या शतकात पांढऱ्या पाइनचे उंच वृक्ष इंग्लंडच्या बाजारासाठी तुटू लागले. वसंतात ओंडके पाण्यावरून वाहून नेत. १८९३ साली सरकारने उद्यान स्थापले ते नद्यांचे उगम आणि वन्य पशू राखण्यासाठी. लाकूडतोड मात्र चालूच राहिली. ती आजही काही भागांत चालते. या काठावर तर मोव्हॅट नावाचे गिरणीचे गावच वसले होते. थोड्याच वर्षांत गिरणी बुडाली आणि गाव रानाने गिळले.

१९१२ साली टॉम थॉमसन हा चित्रकार येथे प्रथम आला आणि पुन्हा पुन्हा येत राहिला. पोटासाठी तो वाटाड्याचे कामही करी. ८ जुलै १९१७ रोजी तो होडीतून एकटा गेला. आठ दिवसांनी त्याचे प्रेत याच पाण्यात सापडले. वय अवघे ३९. अपघात की घातपात, हा वाद अजून मिटलेला नाही.

त्याचे 'द जॅक पाइन' हे चित्र कॅनडात घरोघरी ठाऊक आहे. एक झाड, सरोवर, पलीकडे टेकड्या. माणूस नाही. अशीच चित्रे पाहून एका राष्ट्राने आपली भूमी ओळखली. पण ती रिकामी होती, असेही मानले.

आणि ज्यांचे नाव उद्यानाला दिले, त्या अल्गॉंक्विन लोकांनी ही भूमी करार करून कोणाला दिलेलीच नव्हती! १७७२ पासून त्यांचे अर्ज सरकारदरबारी जात होते. २०१६ साली कुठे तत्त्वतः समझोत्यावर सह्या झाल्या; तोही अंतिम करार नव्हे.

शाळेतल्या मुलांना दाखवावे म्हणून मी वहीत ते सरोवर रेखाटले. पाणी झाले, झाडे झाली, टेकडी झाली. तरी काही चुकल्यासारखे वाटेना का! मग मी पाण्यात एक होडी काढली आणि तीत माणसे बसवली. तेव्हा कुठे चित्र खरे वाटू लागले.