नाइलची निळी कुमुदिनी

निंफिएसी कुलातील पाणवनस्पती. शास्त्रीय नाव निंफिया सेरुलिया. अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ आता तिला निंफिया नौचाली या जातीचा एक प्रकार मानतात. ही जाती भारतातल्या तळ्यांतही आढळते, त्यामुळे आपल्या नीलोत्पलाची ती जवळची आप्त ठरते. कमळाशी (निलंबो) मात्र तिचे नाते फार लांबचे आहे. कमळाचे पान अखंड गोल असते, तर कुमुदिनीचे पान एका बाजूने देठापर्यंत चिरलेले असते. कमळ इजिप्तमध्ये इराणी राजवटीच्या सुमारास पोहोचले. त्याआधीच्या इजिप्शियन कलेतील तथाकथित कमळे म्हणजे कुमुदिनीच होत.

तिचा मूलस्तंभ चिखलात रुजलेला असतो. पाने पाण्यावर तरंगतात, म्हणून पर्णरंध्रे वरच्या बाजूला असतात. देठातील पोकळ्यांमधून हवा मुळांपर्यंत पोचते. फूल सकाळी उमलते, दुपारी मिटते आणि हा क्रम काही दिवस चालतो. पहिल्या दिवशी फुलाच्या मध्यावरील वाटीत द्रव साठतो आणि ते केवळ पराग स्वीकारते. पुंकेसर नंतरच्या दिवसांत पराग सोडतात. त्यामुळे स्वपरागणाला आळा बसतो. परागणानंतर देठ वळून फळ पाण्याखाली जाते व तिथेच पिकते.

इजिप्तमध्ये या फुलाला पुनर्जन्माचा अर्थ लाभला, तो या जीवनक्रमातूनच. आदिम जलातून वर आलेल्या फुलातून सूर्य प्रकटला, अशी तिथली एक उत्पत्तिकथा आहे. नेफरतेम हा देव हे फूल मस्तकी धारण करतो, तर ‘मृतांच्या ग्रंथा’तील 81वा मंत्र मृताला कुमुदिनीचे रूप मिळावे यासाठी आहे. तुतनखामूनच्या थडग्यात फुलातून वर येणारे त्याचे लाकडी मस्तक सापडले, त्यातही हीच कल्पना आहे. फूल रोज रात्री पाण्यात बुडते व पहाटे वर येते, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते चूक आहे. फूल फक्त मिटते. पण चिखलातून वर येणारी कळी आणि दिवसाबरोबर होणारी उघडझाप एवढ्या दोन गोष्टी प्रतीकाला पुरेशा होत्या.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की रात्री उमलणारी पांढरी कुमुदिनीही (निंफिया लोटस) इजिप्शियन कलेत आहे. मग सूर्याचा संबंध कसा लावायचा? परंतु कलेत फूल असणे आणि त्याला सूर्यजन्माचा अर्थ असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तो अर्थ मुख्यतः निळ्या फुलाशी जोडलेला दिसतो. दुसरा आक्षेप विल्यम एम्बोडेन यांच्या 1978 मधील मांडणीतून येतो. त्यांच्या मते हे फूल धार्मिक विधींत गुंगीसाठी वापरले जाई. मेजवानीच्या चित्रांत स्त्रिया फुले हुंगताना दिसतात, हे खरे. पण सुगंधी फूल नाकाशी धरणे हा नशेचा पुरावा होत नाही. शिवाय गुंगीचा वापर सिद्ध झाला, तरी या फुलातून सूर्यच का जन्मला, हा प्रश्न उरतोच.

भारतीय काव्यसंकेतही याच दिशेने बोट दाखवतो. रात्री उमलणारे पांढरे कुमुद संस्कृत कवींनी चंद्राशी जोडले. दोन्ही देशांत पुराणे वेगळी, देव वेगळे. तरी फुलाची वेळ पाहूनच त्याचा सोबती ठरला. म्हणून कुमुदिनीच्या प्रतीकांचा अभ्यास करताना ती कोणत्या जातीची व केव्हा उमलणारी आहे, हे आधी ठरवणे आवश्यक आहे.