विशेष शिक्षणातील चित्रकथा

डिस्लेक्सिया, श्रवणदोष, स्वमग्नता यांसारख्या कारणांमुळे वाचनात मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांना वाचनाकडे वळवण्यासाठी विशेष शिक्षणाच्या वर्गांत चित्रकथांचा, म्हणजेच कॉमिक्सचा, पाठ्यसाहित्य म्हणून उपयोग केला जातो.

इतिहास

अमेरिकेतील ‘जर्नल ऑफ एज्युकेशनल सोशिऑलॉजी’ या नियतकालिकाचा डिसेंबर १९४४ चा अंक चित्रकथांना वाहिलेला होता. त्यात डब्ल्यू. डब्ल्यू. डी. सोन्स यांनी अध्यापनातील त्यांच्या उपयोगाची चर्चा केली. पुढील दशकात मात्र वारे फिरले. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ (१९५४) या ग्रंथात बालगुन्हेगारीबरोबरच मुलांच्या वाचनदोषाचेही खापर चित्रकथांवर फोडले. मूल चित्रे पाहते, शब्द वाचत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. वर्थम यांनी पुराव्यांत फेरफार केल्याचे कॅरल टिली यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. तथापि वाचनासंबंधीचा आक्षेप तेवढ्याने निकालात निघत नाही. त्याचे उत्तर शिक्षकाला वर्गातच द्यावे लागते.

कार्यपद्धती

अक्षरे जुळवण्यातच ज्याची शक्ती खर्च होते, अशा मुलाच्या हातून वाक्य संपेपर्यंत अर्थ निसटलेला असतो. चित्रकथेत प्रसंग आणि पात्रांचे भाव डोळ्यांसमोर राहतात व एका संवादफुग्यात मोजकेच शब्द असतात. ॲलन पैव्हिओ यांच्या द्विसंकेतन सिद्धांतानुसार शब्द व प्रतिमा या दोन्ही रूपांत साठवलेली माहिती अधिक सहज आठवते. शिवाय तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती पहिलीचे पुस्तक दिल्यास त्याला ते लाजिरवाणे वाटते. चित्रकथेत सोपी भाषा आणि वयाला साजेसा विषय एकत्र येऊ शकतात. हा लाभ बहुधा सर्वांत मोठा आहे.

चित्रकथा आपोआप वाचता येत नाही. चौकटींचा क्रम, बोलण्याचा फुगा व विचाराचा फुगा यांतील फरक शिकवावा लागतो. दोन चौकटींमध्ये काय घडले, हे वाचकाने स्वतः जाणायचे असते. स्कॉट मक्लाउड यांनी ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ (१९९३) मध्ये या क्रियेला विशेष महत्त्व दिले. एका चौकटीत डोक्यावर मडके घेतलेली मुलगी आणि पुढच्या चौकटीत जमिनीवर खापऱ्या असतील, तर मधले वाक्य विद्यार्थ्याने सांगावे व मग लिहावे, असा पाठ घेता येतो. फुग्यांतील मजकूर आधी झाकून अंदाज बांधायला लावणे आणि नंतर तो वाचून पडताळणे, ही रीतही उपयुक्त ठरते. चित्रातला चेहरा हसरा आणि फुग्यातले शब्द रागाचे, अशी चौकट मुद्दाम निवडली की शब्द वाचल्यावाचून गंमत कळत नाही.

स्वमग्न मुलांसाठी कॅरल ग्रे यांनी १९९४ मध्ये ‘कॉमिक स्ट्रिप कॉन्व्हर्सेशन्स’ ही पद्धत मांडली. तिच्यात साध्या रेखाकृती काढत संभाषण केले जाते आणि दुसऱ्याच्या मनातील विचार फुग्यात लिहून दाखवले जातात. तिचा भर वाचनापेक्षा सामाजिक आकलनावर आहे.

मर्यादा

ध्वनी व अक्षर यांचा संबंध शिकवण्याचे काम चित्रकथा करू शकत नाही. ते स्वतंत्रपणे करावेच लागते. गजबजलेल्या पानावर काही मुलांचे लक्ष विचलित होते. इंग्रजी चित्रकथांत बहुधा सर्व मजकूर कॅपिटल अक्षरांत असतो व डिस्लेक्सिया असलेल्या वाचकास तो जड जातो. देवनागरीची अडचण वेगळी आहे: अरुंद फुग्यात ओळी दाटल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्या-मात्रांना भिडतात. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ‘अमर चित्र कथा’ मराठीतही वाचली जाते. परंतु तिच्यातील निवेदनाच्या पट्ट्या नवशिक्या वाचकास अवघड वाटू शकतात, म्हणून अशी पाने आधी शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवणे इष्ट असते.