पूल टिकला, भाषा गेली

फ्रान्सच्या आग्नेय भागात, उवेझ नदीच्या काठी वेझाँ-ला-रोमेन नावाचे छोटे शहर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमनांनी बांधलेला तेथील एका कमानीचा दगडी पूल अजून वापरात आहे. कमानीचा गाळा सुमारे १७ मीटरांचा. २२ सप्टेंबर १९९२ रोजी नदीला महापूर आला, ३० हून अधिक माणसे दगावली, पुलाचे कठडे वाहून गेले. पण कमान जागची हलली नाही. रोमनांचा दगड असा टिकला. त्यांच्या आधीच्या लोकांची भाषा मात्र टिकली नाही.

येथे पूर्वी व्होकोंती या केल्टिक जमातीची वस्ती होती. त्यांची भाषा गॉलिश. सेगोमारोस नावाच्या गृहस्थाने बेलेसामा देवीला पवित्र स्थान अर्पण केल्याचा इसवी सनापूर्वीचा शिलालेख येथे सापडला आहे. भाषा गॉलिश, पण अक्षरे ग्रीक! मार्सेयला ग्रीकांची वसाहत होती, तिकडून ती आली. लिपी उसनी घेतल्याने भाषेचे काही बिघडले नाही.

मग ती गेली कशी? तलवारीने म्हणावे, तर रोमने व्होकोंतींशी तह करून त्यांचा कारभार त्यांच्याच हाती ठेवला होता. उत्तराचा धागा एका घराण्यात सापडतो. इतिहासकार पोम्पेयस ट्रोगस हा मूळचा व्होकोंती. त्याच्या आजोबांना सेनापती पोम्पेकडून रोमचे नागरिकत्व मिळाले. वडील सीझरच्या पदरी पत्रव्यवहार व शिक्क्याचे काम पाहत. ट्रोगसने ४४ खंडांचा इतिहास लिहिला, तो लॅटिनमध्ये. मान, नोकरी, ग्रंथ सारे लॅटिनकडे गेले आणि गॉलिश घरापुरती उरली. पुढे घरातूनही गेली.

सत्तेची भाषा शिकण्यात वावगे काही नाही. ट्रोगस ती शिकला म्हणूनच त्याचे नाव आपल्यापर्यंत पोचले. पण गॉलिशमधला एकही ग्रंथ आज कोणाच्या हाती नाही. शिलालेख उरले, गावांची नावे उरली, ओक वृक्षाला ‘शेन’ म्हणण्यासारखे काही शब्द फ्रेंचमध्ये उरले.

दोन भाषांच्या शिवेवर मुले वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांनी वेझाँचा हा इतिहास वाचावा. पुराने तुटलेले कठडे गवंड्यांनी पुन्हा बांधले. भाषेचा कठडा मात्र घरातल्या माणसांनाच, रोजच्या बोलण्यातून आणि लिहिण्यातून, सांभाळावा लागतो.